गाव कोठून आले, कोठे गेले : स्थलांतराच्या इतिहासाचे शालेय प्रदर्शन

प्रयोजन

प्राथमिक शाळेत इतिहास शिकविताना एक अडचण नेहमी जाणवते. पाठ्यपुस्तकातील राजे, लढाया व तह मुलांना पाठ होतात; परंतु आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरही इतिहास आहे, ही जाणीव त्यांच्या ठायी सहसा उत्पन्न होत नाही. गावची वेस, वाडा व बारव यांची माहिती सांगितल्याने ही उणीव काहीशी भरून निघते. तरीही माणसे या गावात कोठून आली, का आली, कोण बाहेर गेले व कोण परतले, हे प्रश्न अनुत्तरितच राहतात. त्यांची उत्तरे मात्र प्रत्येक घरात असतात. ती एकत्र करून गावापुढे प्रदर्शनरूपाने मांडणे हे ग्रामशाळेला साधण्याजोगे काम आहे. त्याची आखणी कशी करावी, जिल्ह्याच्या इतिहासातील कोणती माहिती शिक्षकांच्या हाताशी असावी आणि कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन येथे केले आहे.

हे काम केवळ हौसेचे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक शाळांच्या हजेरीपटावर दिवाळीच्या सुमारास काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सलग पडू लागतात. ती मुले ऊसतोडणीस गेलेल्या आईवडिलांबरोबर गेलेली असतात. त्याच सुमारास जिल्ह्याच्या दुसऱ्या भागातील शाळांजवळ कोप्यांची वस्ती उभी राहते व अनोळखी मुले दिसू लागतात. एका गावी ही मुले ‘गेलेली’ म्हणून ओळखली जातात, दुसऱ्या गावी ‘बाहेरची’ म्हणून. ‘आमची’ असे त्यांना पूर्णपणे कोणीच म्हणत नाही. येणे व जाणे ही गावाच्या इतिहासातील नित्याची गोष्ट आहे व ती प्रत्येक घराला लागू आहे, हे मुलांना व ग्रामस्थांना पुराव्यानिशी दाखविणे हाच या प्रदर्शनाचा मुख्य हेतू होय.

जिल्ह्याची घडण

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर असून त्यात १४ तालुके येतात. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या रांगा आहेत. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) तेथेच आहे व तेथे पाऊस विपुल पडतो. पूर्वेकडे व दक्षिणेकडे येताच ही परिस्थिती पालटते. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड व पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. उलटपक्षी कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी व नेवासे या भागांस गोदावरी, प्रवरा व मुळा या नद्यांवरील कालव्यांचे पाणी मिळाले आहे.

या विषमतेचा परिणाम माणसांच्या हालचालीवर होतो. ज्या भागात पाणी आले त्या भागाला कष्टाचे हात हवे असतात, व ज्या भागात पाऊस अपुरा पडतो त्या भागातील हातांना काम हवे असते. त्यामुळे स्थलांतराची दोन्ही टोके या एकाच जिल्ह्यात पाहावयास मिळतात. शिक्षकाने प्रदर्शनाच्या प्रारंभी जिल्ह्याच्या नकाशावर पाऊस व कालवे दाखविले, तर पुढील सर्व गोष्टींचा कार्यकारणभाव मुलांना सहज उमजेल.

जिल्ह्याच्या नावातील इतिहास

जिल्ह्याच्या जुन्या व नव्या नावांतच हा विषय दडलेला आहे. मलिक अहमद निजामशहाने १४९० साली अहमदनगर वसविले. त्याचे घराणे मूळचे पाथरीचे होते, असे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. आणि हा फिरिश्ता स्वतः कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा असून बालपणीच अहमदनगरास आला होता. निजामशाहीचा सर्वांत कर्तबगार कारभारी मलिक अंबर हा इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला व अनेक हातांतून दक्षिणेत पोचला. १६२४ साली नगरजवळच्या भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्याने लावून दिलेली जमीनमहसुलाची पद्धत मराठी मुलुखात पुढे दीर्घकाळ आदर्श मानली गेली. हजारो कोस दुरून आलेल्या या माणसाने येथील शेताशेताचा विचार केला, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. विवाहानंतर त्या माळव्यात गेल्या व महेश्वर येथून त्यांनी राज्यकारभार केला. म्हणजे जुने नाव येथे येऊन नगर वसविणाऱ्याचे होते व नवे नाव येथून बाहेर जाऊन कीर्ती मिळविणाऱ्या स्त्रीचे आहे. नेवाशाचे उदाहरणही असेच आहे. ज्ञानेश्वरांचे घराणे आपेगावचे. पण शके १२१२ मध्ये गीतेवरील टीका त्यांनी नेवाशास सिद्ध केली.

प्रदर्शनातील जुन्या कागदांवर ‘अहमदनगर’ असेच नाव असणार. कागदावर जे नाव आहे तेच चिठ्ठीवर लिहावे व आजचे नाव कंसात द्यावे. जुन्या कागदातील शब्द बदलू नये, हा इतिहासलेखनाचा पहिला नियम मुलांना यातून शिकविता येईल.

येण्याजाण्याचे प्रमुख प्रवाह

प्रत्येक गावात सर्व प्रवाह आढळतील असे नाही. आपल्या गावास जे लागू पडतील तेवढेच शिक्षकाने निवडावेत.

(१) पेठेत आलेले लोक. राजस्थानातून आलेले व्यापारी, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, आणि १९४७ च्या फाळणीनंतर आलेली सिंधी व पंजाबी कुटुंबे यांनी नगर शहराची व तालुक्यांच्या पेठांची घडण केली. विणकाम व विडीकाम यांमुळे पद्मशाली समाज नगर व संगमनेर येथे स्थिरावला. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर या येण्याजाण्यास वेग आला. आजचे श्रीरामपूर हे बेलापूर रेल्वे स्थानकाच्या आश्रयाने वाढलेले नगर आहे.

(२) कालव्यांच्या मागोमाग आलेले शेतकरी. गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात सुरू झाले, व भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण होऊन प्रवरेच्या कालव्यांस खात्रीचे पाणी मिळाले. पाटाच्या पाण्यावरील बागायत त्या काळी येथील शेतकऱ्यास नवी होती. पुणे जिल्ह्यातील सासवड परिसरातील माळी शेतकरी या कामात वाकबगार होते. त्यांनी येथे येऊन खंडाने जमिनी घेतल्या व ऊस आणि गूळ यांची शेती वाढविली. हरेगाव व टिळकनगर येथे खाजगी कारखाने उभे राहिले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणीजवळ शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना निघाला व १९५०–५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. प्रवरानगर हे वस्तीचे नावच त्या कारखान्याबरोबर जन्मास आले. एके काळी परगावचे म्हणून ओळखले जाणारे हे बागायतदार आज या भागात इतके मिसळून गेले आहेत की, त्यांच्या नातवंडांस पूर्वजांचे गाव मुद्दाम विचारूनच कळते. ‘बाहेरचा’ हा शब्द किती काळ टिकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

(३) धरणांमुळे उठलेली गावे. पैठणजवळील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली व १९७६ साली ते राष्ट्रास अर्पण झाले. त्याच्या नाथसागर जलाशयाखाली शेवगाव व नेवासे तालुक्यांतील गावे व जमिनी गेल्या. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर धरण झाले तेव्हाही अनेक कुटुंबांस गाव सोडावे लागले. कालव्याच्या शेवटच्या गावातील भिजलेल्या शेताचे चित्र लावताना त्याच्या शेजारी बुडालेल्या गावाचा नकाशाही लावावा. पाणी कोणास मिळाले व त्यासाठी कोण उठले, ह्या दोन्ही बाजू मुलांच्या नजरेखालून गेल्या पाहिजेत.

(४) मुंबईस गेलेले लोक. पारनेर, संगमनेर व अकोले या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण मुंबईस जात आले आहेत. कापडगिरण्या, गोदी, भाजीबाजार व हमाली ही त्यांची कामे. महिन्याकाठी येणारी मनिऑर्डर हाच कित्येक घरांचा आधार होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेकांचे काम गेले व काहीजण गावी परतले. अनेक गावांत देवळाचा सभामंडप वा शाळेची खोली मुंबईकर मंडळींच्या वर्गणीतून बांधली गेली आहे. भिंतीवरील देणगीदारांची पाटी हा स्थलांतराचा कोरीव पुरावाच होय. मुलांकडून ती उतरवून घ्यावी.

(५) ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे. पाथर्डी, शेवगाव व जामखेड या तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी फार मोठ्या संख्येने कुटुंबे साखर कारखान्यांकडे जातात. कोणी जिल्ह्यातच प्रवरा व गोदावरीच्या पट्ट्यात, तर कोणी पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर व कर्नाटक येथे जातात. पतिपत्नीच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांची गणना एका अवजाराच्या नावाने होते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. मुकादम टोळी जमवितो व हंगामापूर्वी उचल देतो. ही उचल हंगामभर तोडीच्या मजुरीतून फेडावयाची असते. पहाटे उठून फडात जावयाचे, ऊस तोडून त्याचे पाचट साळावयाचे, मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरावयाची, असा दिवस जातो. कारखान्याची गाडी रात्री आली तर रात्रीही भरावी लागते. थोरली मुलगी कोपीवर धाकट्या भावंडांस सांभाळते व तिचे शाळेचे वर्ष तेथेच बुडते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा हजारो ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. एप्रिल महिन्यात शासनाने परतीची परवानगी दिल्यावर ते गावी पोचले.

(६) ज्यांचे जीवनच प्रवासाचे आहे असे लोक. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भरते. गोपाळ, वैदू, घिसाडी, कैकाडी, कोल्हाटी अशा अनेक भटक्या जमाती तेथे येतात. त्यांच्या पंचायती तेथे भरत व गाढवांचा बाजारही प्रसिद्ध आहे. ज्यांस एक गाव नाही त्यांस वर्षाकाठी भेटण्याचे एक ठिकाण हवे असते, ती गरज मढीने भागविली. लोखंडी अवजारे, औषधी, दोरखंड, टोपल्या व मनोरंजन या गावगाड्याच्या गरजा या लोकांनी पुरविल्या, याची नोंद प्रदर्शनात असलीच पाहिजे.

(७) परत आलेले लोक. १९७२ च्या दुष्काळात हजारो कुटुंबे दुष्काळी कामांवर खडी फोडून व सुकडी खाऊन जगली, व अनेकांनी गाव कायमचे सोडले. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे असेच ओस पडत चाललेले गाव होते. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे चराई व वृक्षतोड थांबविणे, समतल चर, बांधबंदिस्ती व पाण्याचा ताळेबंद ही कामे ग्रामसभेच्या निर्णयाने झाली. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास व ऊस लावण्यास गावाने मनाई केली. पाणी टिकले तशी मुंबई–पुण्यास गेलेली कुटुंबे परत येऊ लागली. स्थलांतर हे दैवाने लादलेले नसून त्यास कारणे असतात व कारणे दूर केल्यास त्याची दिशा बदलू शकते, हा धडा या उदाहरणातून मिळतो.

साधनसामग्री

प्रदर्शनासाठी खर्चाची गरज नाही. शोध घेण्याची गरज आहे. पुढील साधने प्रत्येक गावात उपलब्ध असतात.

पहिले साधन म्हणजे मातेचे माहेर. मुलांना प्रथम एकच प्रश्न द्यावा : आई कोणत्या गावची व आजी कोणत्या गावची? भारतात जनगणनेत स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हेच आढळते, व असे स्थलांतर करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. या प्रश्नाने कोणत्याही मुलास वेगळे पडल्यासारखे वाटत नाही, कारण पाटलाच्या घरची आजीही परगावाहूनच आलेली असते. वर्गातील सर्व माहेरे नकाशावर दोऱ्याने जोडली म्हणजे गाव किती गावांचे मिळून बनले आहे, हे एका दृष्टिक्षेपात दिसते.

दुसरे साधन शाळेच्या कपाटातच आहे. ते म्हणजे जनरल रजिस्टर. त्यात विद्यार्थ्याचे जन्मस्थान, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख व कारण यांची नोंद असते. कित्येक जुन्या शाळांत ही नोंद शंभर वर्षांपलीकडे जाते. ‘वडिलांची बदली’, ‘परगावी गेला’ अशा दोन शब्दांच्या शेऱ्यांतून गावाच्या हालचालीचा आलेख तयार होतो. शिक्षकाने दर दहा वर्षांत परगावी जन्मलेली किती मुले दाखल झाली व किती मुले गाव सोडल्यामुळे कमी झाली, हे मोजून स्तंभालेख काढवून घ्यावा. दुष्काळाच्या वर्षी व कारखाना निघाला त्या वर्षी या आकड्यांत फरक पडला काय, हे मुलांनीच शोधावे. मूळ रजिस्टर प्रदर्शनात मांडू नये. व्यक्तींची नावे वगळून केवळ संख्या घ्याव्यात.

अशा नोंदींचे मोल किती असते, हे मॉरिशस बेटाच्या उदाहरणावरून कळेल. १८३४ पासून हिंदुस्थानातील लाखो मजूर करारावर तेथील उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही होते व त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. मजूर उतरत तो पोर्ट लुईचा धक्का ‘आप्रवासी घाट’ म्हणून २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत आला. त्या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत, व त्यांच्या आधारे वंशज आपल्या पूर्वजांचे गाव शोधू शकतात. कारकुनाने कर्तव्य म्हणून लिहिलेली एक ओळ शे-दीडशे वर्षांनी कोणाच्या तरी घराण्याचा एकमेव दुवा ठरते. जनरल रजिस्टरात नोंद करणाऱ्या शिक्षकाने ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

तिसरे साधन वस्तूंचे. माहेराहून आलेला तांब्या, मुंबईच्या खोलीतील पत्र्याची ट्रंक, मनिऑर्डरीची पावती, कोयता, बैलगाडीची कंदील-बत्ती, बुडालेल्या गावातील घराची कडी अथवा जाते, विणकराचा धोटा, अशा वस्तू घरोघर असतात. घेताना वहीत नोंद करून पोच द्यावी व प्रदर्शन संपताच वस्तू जशीच्या तशी परत करावी. नाणी व दागिने घेऊ नयेत.

चौथे साधन वृद्धांच्या आठवणींचे. वृद्ध मंडळींस साल सांगता येत नाही, परंतु ठळक घटना स्मरणात असतात. म्हणून मुलांजवळ पुढील वर्षांची यादी द्यावी : गांधीजींची हत्या १९४८, महाराष्ट्र राज्याची स्थापना १९६०, चीनचे आक्रमण १९६२, मोठा दुष्काळ १९७२, आणीबाणी १९७५, गिरणी संप १९८२, किल्लारीचा भूकंप १९९३, करोनाची टाळेबंदी २०२०. ‘दुष्काळाच्या आदल्या साली लग्न झाले’ असे आजीने म्हटले की मुलाने १९७१ लिहावे व त्यापुढे ‘सुमारे’ हा शब्द घालावा. प्रश्न थोडे व साधे असावेत : गाव का सोडले? कोणाबरोबर निघालात? बरोबर काय नेले? पहिली रात्र कोठे काढली? मागे कोण राहिले? उत्तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत टिपावे; त्याची बोली पुस्तकी भाषेत बदलू नये.

मांडणी

शाळेची एक खोली व ओसरी एवढी जागा पुरेशी आहे. मांडणी तीन विभागांत करावी : ‘आले’, ‘गेले’ व ‘येतात-जातात’. दाराशी जिल्ह्याचा नकाशा, त्यावर पाऊस, कालवे, लोहमार्ग व कारखाने. त्यानंतर माहेरांचा दोऱ्यांचा नकाशा. त्यापुढे वस्तू व आठवणी. शेवटी जनरल रजिस्टरावरून काढलेले आलेख, असा क्रम ठेवल्यास पाहणारा कारणाकडून परिणामाकडे जातो.

प्रत्येक वस्तूजवळ मुलाच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी असावी. तिचा नमुना असा : ‘पत्र्याची ट्रंक. आजोबा गिरणीत कामास लागले तेव्हा मुंबईस घेतली. सुमारे १९६५. संप झाल्यावर याच ट्रंकेतून सामान घेऊन ते गावी परतले.’ वस्तू कोणती, कोठून कोठे गेली, केव्हा व का, एवढे चार मुद्दे आले म्हणजे चिठ्ठी पूर्ण झाली. ‘प्राचीन’, ‘दुर्मिळ’ अशी विशेषणे घालू देऊ नयेत. चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलानेच वस्तूजवळ उभे राहून माहिती सांगावी. भाषाशिक्षण, गणित, भूगोल व हस्तव्यवसाय यांचा मेळ या कामात आपोआप साधतो.

प्रदर्शनाचा काळ

शाळेतील समारंभ बहुधा २६ जानेवारीस होतात. पाथर्डी वा जामखेडकडील गावात त्या दिवशी प्रदर्शन भरविले, तर ज्यांच्या जीवनाविषयी ते आहे ती कुटुंबे गावात नसतात. त्यांचे कोयते व चित्रे भिंतीवर असतात व ती स्वतः फडात असतात. अशा गावी प्रदर्शन घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंतच्या आठवड्यात, म्हणजे टोळ्या निघण्यापूर्वी भरवावे. कारखान्याच्या पट्ट्यातील गावी मात्र जानेवारी महिना योग्य. कारण तेव्हा टोळ्या तेथेच असतात. परंतु दिवसा त्यांना फडातून सवड मिळत नाही. म्हणून एक दिवस तरी प्रदर्शन संध्याकाळी खुले ठेवावे, व मुलांनी कोप्यांवर जाऊन निमंत्रण द्यावे. कोपी उसाच्या वाढ्यांनी कशी शाकारतात, मोळी कशी बांधतात, हे दाखविण्याची त्यांना विनंती करावी. यामुळे नेहमी मजूर म्हणून पाहिली जाणारी माणसे त्या दिवशी जाणकार म्हणून शाळेत येतात.

घ्यावयाची दक्षता

‘मूळचे’ व ‘उपरे’ असे शब्द कोठल्याही फलकावर येऊ नयेत. गावात प्रथम कोण आले, हा वाद या प्रदर्शनाचा विषय नाही. अशा वादात शिक्षकाने मुलांना ओढू नये. कुटुंबांची मांडणी जातवार करू नये. ती काळवार अथवा कारणवार करावी.

घेतलेली उचल, कर्ज, आजार व घरातील कलह यांविषयी मुलांकडून प्रश्न विचारवू नयेत. कोणी आपण होऊन सांगितले तरी नावानिशी मांडू नये. काही कुटुंबांस गाव सोडण्याची आठवण दुःखद वाटते. त्यांनी नकार दिल्यास त्याचा आदर करावा. भटक्या जमातींच्या बाबतीत विशेष जपावे. त्यांपैकी काहींवर ब्रिटिश राजवटीत १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी लोकांच्या बोलण्यातून तो शिक्का पुरता पुसलेला नाही. एखाद्या मुलास त्याच्या वस्तीच्या नावाने हाक मारली जात असेल, तर प्रदर्शनाच्या तयारीतच ती सवय मोडावी. तसेच दारिद्र्याचे प्रदर्शन होणार नाही, याकडे लक्ष द्यावे. कोयता मांडताना तो दुःखाची खूण म्हणून न मांडता, एका कौशल्याचे हत्यार म्हणून मांडावा, व त्या कामाची मजुरी, वेळ व धोके चिठ्ठीवर सरळ शब्दांत लिहावेत.

प्रदर्शनानंतर

प्रदर्शन आवरल्यावर चिठ्ठ्या व आठवणींच्या वह्या जाळू अथवा रद्दीत घालू नयेत. त्या एकत्र शिवून शाळेच्या ग्रंथालयात ‘गावाची वही’ म्हणून ठेवाव्यात व पुढील वर्षीच्या मुलांनी त्यांत भर घालावी. एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी.

याहून महत्त्वाचे काम हजेरीपटाचे आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५ अन्वये दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या बालकास मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे. आणि दाखला येण्यास उशीर झाला, या कारणास्तव नव्या शाळेने प्रवेश लांबविता वा नाकारता कामा नये. कलम ४ प्रमाणे शाळेत न गेलेल्या अथवा शिक्षण अपुरे राहिलेल्या बालकास त्याच्या वयास अनुरूप वर्गात घ्यावयाचे असते. निघणाऱ्या मुलाजवळ शिक्षण हमी पत्रक द्यावे, व त्याची पुस्तके व एक वही त्याच्या सामानात बांधली गेली आहे, याची खात्री करून घ्यावी. ज्या मुलांचे आजी-आजोबा गावी राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय वेळीच, म्हणजे टोळी निघण्याआधी झाली पाहिजे. कारण एकदा गाडी निघाली म्हणजे मूल मागे ठेवण्याचा विचार कोणी करीत नाही.

प्रदर्शनाच्या निमित्ताने मुलाने आपल्या घराची वाट नकाशावर रेखाटलेली असते. ते कोणत्या कारखान्याच्या भागात जाणार, हे त्यामुळे शिक्षकास आधीच ठाऊक होते. तेथील शाळेच्या मुख्याध्यापकास एक पत्र लिहावे अथवा दूरध्वनी करावा. त्या मुलाचे नाव, इयत्ता व त्यास काय काय येते, एवढी माहिती कळविल्यास तेथील शाळेस ते मूल अनोळखी राहत नाही. एप्रिल-मे मध्ये ते परत येईल तेव्हा त्यास वर्गात पहिल्या दिवशी एक काम द्यावे : हंगामात पाहिलेली गावे, नद्या व कारखाने त्याने ‘गावाच्या वही’त लिहावेत. त्या सहा महिन्यांत वर्गातील इतर मुलांनी जे पाहिले नाही ते त्याने पाहिलेले असते, व ते वर्गास सांगण्याचा मान त्याचा असतो.